लाल मातीचा टेंपो मागवण्याआधी

रोहिणी नक्षत्र लागलं की देशावरच्या शहरांत, विशेषतः नव्या बंगल्यांच्या वसाहतींत, लाल मातीचे टेंपो फिरताना दिसतात. अंगणातली काळी, चिकट माती ‘बागेच्या कामाची नाही’ म्हणून उकरून बाहेर टाकायची आणि तिच्या जागी ब्रासच्या भावाने आलेली लाल माती पसरायची, हा जवळजवळ रिवाज झाला आहे. रोपवाटिकेतलं रोप लाल मातीच्या गोळ्यात येतं, म्हणून झाडाला लाल मातीच मानवते, असा समज त्यामागे असतो. रोपवाटिकेचा हिशोब वेगळा असतो. गोळा घट्ट राहावा, वाहतुकीत फुटू नये, मुळं उघडी पडू नयेत, एवढ्यासाठी ती माती त्यांना सोयीची असते. तुमच्या मोगऱ्याचं पुढच्या दहा वर्षांचं भलं त्यात पाहिलेलं नसतं.

टेंपोला आगाऊ रक्कम देण्याआधी दोन-तीन संध्याकाळी स्वतःच्या मातीसाठी काढा. पुणे, नगर, सोलापूर, नाशिक, मराठवाडा किंवा विदर्भात राहत असाल, तर तुमच्या पायाखालची माती बहुतेक करून बेसाल्ट झिजून तयार झालेली असेल. तिच्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम भरपूर असतं, पोटॅशही बहुधा बेताहून जास्तच असतं. तिला कमी पडते ती हवा. या मातीतली चिकण ज्या जातीची आहे, ती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. म्हणून उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच माती चपलेला किलो-किलोने चिकटते. फुगलेल्या अवस्थेत तिच्यातली बारीक छिद्रं पाण्याने भरून जातात आणि मुळांना प्राणवायू मिळत नाही. पाण्यात उभं असलेलं झाड तेव्हा तहानलेल्या झाडासारखंच मान टाकतं. आपण ते पाहून आणखी एक बादली ओततो, वर मूठभर खतही घालतो.

बागेतल्या ज्या तक्रारींना आपण खताची कमतरता म्हणतो, त्यातल्या निम्म्याहून अधिक हवेच्या आणि निचऱ्याच्या असतात, असं माझं मत आहे. त्यामुळे आधी निचरा, मग कुजलेला सेंद्रिय माल आणि शेवटी, लागलंच तर, खत. हा क्रम पाळला तर टेंपो बहुधा लागत नाही.

माती ओळखायची कशी

निचऱ्यापासूनच सुरुवात करू. बागेत एक फूट खोल आणि तेवढाच रुंद खड्डा घ्या, तो पाण्याने भरा आणि मुरू द्या. मग पुन्हा भरा आणि घड्याळ लावा. दुसऱ्या वेळी तासाला इंचभर किंवा त्याहून जास्त पाणी उतरलं, तर निचरा चांगला. सकाळी भरलेला खड्डा दुसऱ्या दिवशी सकाळीही ओला डबका असेल, तर त्या जागी सपाट जमिनीत काहीही लावू नका. गादीवाफा करा, नाहीतर भाताचे हौशी व्हा.

दुसरी परीक्षा बाटलीची. सरळ उभ्या काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती घ्या, ढेकळं फोडलेली, काड्या-खडे काढलेली. वर पाणी आणि चिमूटभर कपडे धुण्याची पावडर घाला, पाच मिनिटं जोरात हलवा आणि बरणी ओट्याच्या कोपऱ्यात ठेवून द्या. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते. दोन तासांत तिच्यावर पोयट्याचा थर जमतो. चिकण बसायला एक-दोन दिवस लागतात आणि तोवर वरचं पाणी गढूळच राहतं. पट्टी लावून थर मोजा. सगळ्यात वरचा, मऊ थर एकूण मातीच्या चाळीस टक्क्यांपुढे असेल, तर तुमची माती भारी आहे.

तिसरी परीक्षा फार कमी लोक करतात, पण भारी मातीत तीच सर्वांत बोलकी असते. बशीत पावसाचं किंवा डिस्टिल्ड पाणी घ्या. सुक्या मातीचा हरभऱ्याएवढा खडा अलगद त्यात सोडा. ढवळायचं नाही, बशी हलवायची नाही. काही खडे जागच्या जागी विरघळून लहान कणांचा ढीग होतात आणि पाणी नितळ राहतं. ते ठीक. पण खड्याभोवती दुधासारखा ढग तयार होऊन तो हळूहळू बशीभर पसरू लागला, तर मातीत सोडियम जास्त असण्याची दाट शक्यता आहे. हीच ती चोपण जमीन, वाळल्यावर सिमेंटसारखी आणि भिजल्यावर साबणासारखी. या मातीचा इलाज जिप्सम. त्यातलं कॅल्शियम सोडियमला हुसकावतं आणि मग पाण्याने सोडियम खाली धुऊन न्यावं लागतं, म्हणजे निचरा इथेही आधीच हवा. ढग आला नाही, तर जिप्समवर पैसे घालवू नका. ‘माती भुसभुशीत करणारी पावडर’ म्हणून ते सरसकट विकलं जातं, पण साध्या चुनखडीच्या काळ्या मातीला त्याचा विशेष उपयोग नाही.

चौथी परीक्षा चुन्याची. कोरड्या मातीवर चमचाभर व्हिनेगर टाका आणि कान जवळ न्या. फसफसलं, बुडबुडे आले, तर मातीत मोकळा चुना आहे. मात्र नव्या बांधकामाच्या अंगणात हे फसफसणं फसवं असू शकतं. तिथे वरच्या फूटभरात प्लास्टरचे तुकडे, सिमेंटची खरड, फरशीचे कपचे पुरलेले असतात. बिल्डरच्या माणसांनी राडारोडा गाडून वर चार इंच माती पसरलेली असते. असा राडारोडा मात्र खरोखरच उकरून बाहेर काढायला हवा. मजुरी द्यायचीच असेल, तर ती इथे द्या.

चुनखडी निघाली म्हणून सामू खाली आणायच्या नादी लागू नका. गंधक घाला, व्हिनेगर ओता, लिंबाच्या साली पुरा, असे सल्ले पुष्कळ मिळतात. थोडा हिशोब करून पाहा. एक चौरस मीटर जागेच्या वरच्या सहा इंचांत साधारण २०० किलो माती असते. तिच्यात ५ टक्के चुनखडी धरली, तर १० किलो झाली. तेवढी संपवायला ३ किलोहून अधिक शुद्ध गंधक लागेल, तेही एका चौरस मीटरला, आणि बोअरचं जड पाणी रोज नवा चुना आणून टाकणार. त्यापेक्षा या मातीशी जमवून घेणारी झाडं जमिनीत लावा. डाळिंब, सीताफळ, अंजीर, शेवगा, बोगनवेल यांची तिच्याबद्दल तक्रार नसते. गंधराज, एक्झोरा यांसारखी आम्ल मातीची आवड असलेली मंडळी कुंडीत ठेवा. टेंपोतल्या लाल मातीची दोन-चार घमेली त्यांच्यासाठी खुशाल आणा.

खड्डा की विहीर

लाल मातीचा सर्वांत मोठा घोळ खड्ड्यात होतो. काळ्या जमिनीत दोन बाय दोन फुटांचा खड्डा काढायचा, निघालेली माती बाजूला सारायची आणि आत लाल माती, शेणखत, वाळू यांचं छान सैल मिश्रण भरायचं, हा सल्ला इतक्या ठिकाणी दिला जातो की त्याला विरोध करताना संकोच वाटतो. पण पहिल्या जोरदार पावसात काय होतं ते बघा. आजूबाजूचं पाणी त्या सैल भरावात सहज उतरतं. खड्ड्याच्या भिंती चिकण मातीच्या, त्यातही कुदळीने घासून गुळगुळीत झालेल्या. त्यांतून पाण्याला बाहेर पडायला वाट नसते. म्हणजे आपण झाडासाठी एक लहानशी विहीर खणलेली असते. पाऊस चांगला झाला की आधी मुळं कुजतात आणि सप्टेंबरात पानं पिवळी पडतात. मुळं तगलीच, तरी ती सैल मातीतच गोल फिरत राहतात. बाहेरच्या कडक भिंतीत शिरायला त्यांना काही कारण उरत नाही.

म्हणून काळ्या जमिनीत खड्डा खोलपेक्षा रुंद करा. भिंती पहारीने किंवा दातेरी फावड्याने खरबरीत करा. निघालेलीच माती परत भरा, तिच्यात फार तर पाव हिस्सा चांगलं कुजलेलं खत मिसळा आणि भराव आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच ठेवा, कारण खत कुजत जाईल तसा तो खाली बसणार आहे. रोपाच्या पिशवीतला लाल गोळा पाण्यात भिजवून बाहेरच्या बाजूने बोटांनी सैल करा, गोल फिरलेली मुळं मोकळी करा आणि मगच लावा. तसाच घट्ट गोळा काळ्या मातीत पुरला, तर भोवतालची माती ओली असूनही गोळा आतून कोरडा राहतो. लावणीनंतर महिन्याभरात वाळलेलं रोप उपटून पाहिलं, तर पुष्कळदा हेच कारण हाती लागतं.

वाळूचंही तसंच. भारी मातीत चार घमेली वाळू टाकून काही साधत नाही. ५५ टक्के चिकण असलेली माती ३० टक्क्यांवर आणायची, तर १०० किलो मातीला ८० किलोहून जास्त वाळू लागते. थोडी घातली, तर चिकण तिच्या कणांभोवती लिंपली जाते आणि वाळल्यावर वाफा विटेसारखा टणक होतो. नदीच्या वाळूचा आजचा भाव आणि ती कशी उपसली जाते हे पाहता, न घातलेलीच बरी.

वाफसा सांभाळा

शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण शहरातल्या बागांत मातीचं सर्वाधिक नुकसान खतावाचून नव्हे, चुकीच्या दिवशी कुदळ चालवल्याने होतं. चिखल असताना खणलं, की चिकण मातीचे दाणे फुटून एकमेकांना चिकटतात आणि वाळल्यावर ढेकळं होतात. ती पुढे फोडायला एक उन्हाळा आणि एक पावसाळा जावा लागतो. अगदी कोरडी असताना खणलं, तर कुदळ उसळते, मजूर वैतागतो आणि धुरळा तेवढा उडतो.

मधला मुहूर्त म्हणजे वाफसा. चार इंच खालची मूठभर माती घ्या आणि मूठ आवळा. बोटांच्या फटींतून चिखल आला, हात चकचकीत झाला, तर थांबा. गोळाच होत नसेल, तर आदल्या दिवशी हलकं पाणी द्या. गोळा झाला, पण अंगठ्याने दाबताच तो मोकळ्या दाण्यांत विस्कटला, तर त्या दिवशी बाकीची कामं रद्द करा. पावसाच्या उघडिपीनंतर भारी मातीत ही अवस्था यायला कधी चार दिवस लागतात, कधी आठ, आणि आली की ती फार टिकत नाही. माळी ठरलेल्या वारी येतो म्हणून त्या वारी खणायचं, ही पद्धत काळ्या मातीत चालणार नाही. वाफ्यात पाय ठेवण्यावरही बंधन हवं. वाफा दोन्ही बाजूंनी हात पोहोचेल एवढाच, तीन-साडेतीन फूट रुंद ठेवा आणि चालायला वेगळी पायवाट राखा.

काय घालायचं आणि किती

काळ्या मातीत हवा खेळवायचा टिकाऊ उपाय एकच: कुजलेला सेंद्रिय माल. त्यावर जगणारे जिवाणू आणि बुरशी जो चिकट द्रव सोडतात, त्याने चिकणीचे बारीक कण एकत्र येऊन रवाळ दाणे बनतात. या दाण्यांमधल्या फटींतून पाणी खाली जातं आणि हवा आत येते. गांडुळं त्यात बिळांची भर घालतात. चार्ल्स डार्विनने १८८१मध्ये गांडुळांच्या या मशागतीवर अख्खं पुस्तक लिहिलं होतं.

पहिल्या वर्षी वाफ्यावर दोन इंच जाडीचा थर द्या. म्हणजे चौरस मीटरला साधारण ५० लिटर, चार-पाच भरलेली घमेली. तो वरच्या सहा-आठ इंचांत मिसळा. पुढच्या वर्षीपासून इंचभर थर नुसता वर पसरला तरी पुरे. हे दरवर्षी करावं लागतं, कारण आपल्या उन्हात सेंद्रिय माल झपाट्याने जळतो. थंड देशांतल्या बागकामाच्या पुस्तकांत ‘तीन-चार वर्षांतून एकदा’ असं वाचून तेवढ्यावर थांबू नका.

शेणखत घेताना ट्रॉलीवाल्याच्या बोलण्यापेक्षा नाकावर आणि हातावर भरवसा ठेवा. मुरलेलं खत काळपट, भुरभुरीत आणि हाताला थंड लागतं, पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. शेणाचा वास येत असेल, ढिगात हात घातल्यावर ऊब लागत असेल किंवा काडी ओळखू येत असेल, तर ते कच्चं आहे. कच्च्या खताबरोबर तणाचं बी येतं आणि हुमणीही येते, पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, मुळं कुरतडणारी अळी. ट्रॉली आलीच असेल, तर खत पसरून चाळा, अळ्या वेचा आणि ढीग ओला करून दोन-तीन महिने झाकून ठेवा.

फुकटचा माल दारात असतो तो वेगळाच. सोसायटीतला पालापाचोळा आजही पहाटे झाडून पेटवला जातो. कायद्याने बंदी आहे, तरी. तो पोत्यांत भरून आणा. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर आणि त्यांचा प्रयोग परिवार यांनी पालापाचोळ्यातून सकस माती घडवण्याचा आग्रह आयुष्यभर धरला आणि गच्चीवरच्या बागांपर्यंत तो पोहोचवला. सागाची, आंब्याची पानं जाड असतात, कुजायला वेळ घेतात, म्हणून ती चुरून किंवा पायदळी तुडवून घ्या. नुसती कोरडी पानं किंवा लाकडाचा भुसा मातीत मिसळू नका. ती कुजवताना जिवाणू मातीतलाच नत्र वापरतात आणि झाड काही आठवडे फिकट पडतं. पानांबरोबर स्वयंपाकघरातला ओला कचरा, गवत किंवा थोडं शेण मिसळून कुजवलं, की ही अडचण येत नाही. आच्छादन म्हणून वर पसरायला मात्र कोरडी पानंच उत्तम. मार्चपासून तीन-चार इंचांचा थर ठेवा, खोडापासून चार बोटं लांब. त्याने भेगा पडणं कमी होतं आणि पाणी निम्म्यावर येऊ शकतं. पावसाळ्यात जिथे मोठ्या गोगलगायींचा सुळसुळाट असतो, तिथे जूनअखेरीला हा थर बाजूला ओढा, नाहीतर दिवसा लपायला त्यांची आयती सोय होते.

जीवामृत, अमृतजल यांच्याबद्दल विचारणा नेहमी होते. घालायला हरकत नाही, पण पाचोळा आणि खत यांच्या जोडीला. खायलाच काही नसलेल्या मातीत नुसतं विरजण ओतून दही लागत नाही.

आणखी काही लोकप्रिय वस्तू आहेत, त्यांच्याबद्दल स्पष्टच लिहितो. राख आणि अंड्याची टरफलं देशावरच्या चुनखडीच्या मातीत घालायचं कारण नाही. जे आधीच जास्त आहे, त्यातच ती भर घालतात. हाडांचा चुरा गुलाबाला हमखास सांगितला जातो. तो आम्ल मातीतच नीट विरघळतो, सामू आठच्या पुढे असलेल्या अंगणात वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो. नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं जास्वंदीला किंवा लिंबाला झालं, तर ती लोहाची अडचण असते. मातीत लोह नसतं असं नाही, चुन्यामुळे ते मुळांना मिळत नाही. अशा वेळी मातीत हिराकस टाकल्यास तेही अडकतं. त्याऐवजी लिटरला ३ ते ५ ग्रॅम हिराकस विरघळवून, ऊन उतरल्यावर पानांवर फवारा. आधी एका फांदीवर करून दोन दिवस पाहा. जुनी, खालची पानं सरसकट पिवळी होत असतील, तर तो नत्राचा किंवा साचलेल्या पाण्याचा प्रकार आहे, त्याला लोहाची फवारणी उपयोगी नाही. पाण्याच्या फिल्टरमधून वाया जाणारं पाणी रोज एकाच झाडाला घालणाऱ्यांनी कुंडीच्या काठावरची पांढरी पापडी पाहावी. तेच क्षार मातीतही साठत असतात.

कोकणात आणि गोव्यात हे सगळं उलटं वाचावं लागतं. जांभ्यावरची माती निचऱ्याची, आम्लधर्मी आणि तीन हजार मिलिमीटर पावसाने धुऊन निघालेली असते. तिथे पाणी थांबत नाही, अन्नद्रव्यंही थांबत नाहीत. राख, थोडा चुना, हाडांचा चुरा या गोष्टी तिथे खऱ्या उपयोगाच्या. खत एकदम न घालता हप्त्याहप्त्याने द्यायचं आणि आच्छादन बारमाही ठेवायचं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशी तिथल्यासाठी आहेत, राहुरीच्या देशासाठी. व्हिडिओ पाहून बाग करताना हा फरक विसरला जातो.

शेवटी प्रयोगशाळा

घरच्या परीक्षांनी पोत आणि निचरा कळतो, अन्नद्रव्यं कळत नाहीत. त्यासाठी माती परीक्षण करावं. कृषी विज्ञान केंद्रं, कृषी महाविद्यालयं आणि जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळांत ते माफक शुल्कात होतं. नमुना घेताना खताच्या ढिगाजवळची, झाडाच्या बुंध्याजवळची, बांधालगतची जागा टाळा. पाच-सहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचे वीतभर खोल खड्डे करून त्यांच्या कडेची पातळ चकती घ्या, सगळी माती प्लॅस्टिकच्या घमेल्यात एकत्र करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्या आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा. सावलीत वाळवा, उन्हात नाही. नुकतंच खत घातलं असेल, तर दोन-तीन महिने थांबा.

२०१५ साली सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिकेत बारा घटक असतात, पण बागेसाठी आधी तीनच ओळी वाचा. सामूवरून कुठली झाडं जमिनीत आणि कुठली कुंडीत, हे ठरतं. विद्युत वाहकता १च्या आत असली, तर क्षारांची काळजी नको. सेंद्रिय कर्ब ०.५० टक्क्यांच्या खाली म्हणजे कमी, ०.७५च्या वर म्हणजे चांगला. देशावरच्या दुर्लक्षित अंगणात तो कमीच निघेल, याची तयारी ठेवा. पालाश बहुधा भरपूर निघेल, म्हणजे १९:१९:१९सारख्या मिश्र खताची गरज नाही, हेही त्याच कागदावरून कळेल. अहवालावर नमुन्याची तारीख आणि जागा लिहून ठेवा. दोन-तीन वर्षांनी त्याच महिन्यात, त्याच वाफ्यातला नमुना पुन्हा द्या आणि फक्त कर्बाचा आकडा ताडून पाहा. सामू जवळपास तिथेच असेल, त्याची चिंता करू नका.